वाऱ्यातला माणूस

(दृश्य: ओला, काळपट उतार. धुक्यातून पळत येणारी कॉली जातीची शोधकुत्री. मध्येच थबकते.)

पळता पळता ती थांबली, बघा. कान टवकारले नाहीत, नजर कुठे रोखली नाही. नाक तेवढं वर गेलं. वरून उतरणाऱ्या वाऱ्यात तिला माणूस लागला आहे. तो बराच लांब आहे, एका शिळेआड आडवा पडलाय. आपल्याला तो दिसत नाही. कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

आता ती नागमोडी धावेल. वास डोंगरात सरळ येत नाही. खडकावर फुटतो, खळग्यात साचतो, कड्याच्या कडेला उलटा फिरतो. वास हरवला की ती मागे येते, पुन्हा पकडते, पुन्हा वर चढते.

(दृश्य: ड्रोनमधून संपूर्ण खोरं. डावीकडे सुळक्यांची धार, उजवीकडे खाली उतरलेल्या तीन सोंडा.)

हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं ग्लेन्को. इथलं सर्वांत उंच शिखर, बिडियन नाम बियन, 1150 मीटरचं. आकडा ऐकून डोंगर किरकोळ वाटेल. पण चढाईची सुरुवात जवळपास समुद्रसपाटीवरून होते आणि अटलांटिकवरून आलेला ढग आधी याच डोंगरांवर आपटतो. सकाळी निळं आभाळ, दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसेनासं. डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सात तास.

या तीन सोंडांच्या मध्ये खोल घळी आहेत. माथ्यावर धुकं दाटलं की माणूस उतरायची घाई करतो आणि पायाखाली जी उतरंड येते ती धरतो. वरून ती सोपी दिसते. अर्ध्यावर गेल्यावर खाली कडा लागतो आणि आलेल्या निसरड्या वाटेने वर चढायची ताकद उरलेली नसते. शोधपथकं घळीच्या तोंडाशी आधी जातात ती यामुळेच.

(दृश्य: रस्त्याकडेचा वाहनतळ. अंधार पडतोय. एकच गाडी उरली आहे.)

पुष्कळदा पहिली खूण ही असते: सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेली गाडी. किंवा घरून आलेला फोन, 'पाचपर्यंत येणार होता, अजून आला नाही.' इथे 999 क्रमांकावर पोलिसांना कळवतात. जमिनीवरच्या शोधाची जबाबदारी स्कॉटलंडच्या पोलिसांची. डोंगरात जायला ते पर्वतीय बचावपथकाला बोलावतात.

(दृश्य: टेबलावर नकाशा. पेन्सिल धरलेला हात.)

हा नकाशा जरा नीट पाहू. शेवटचा कुठे दिसला? कुठून कुठे जाणार होता? बूट कसले, टॉर्च होता का, एकटा होता का, घाबरला की चालत सुटतो की बसून राहतो? उत्तरं मिळतील तसे नकाशावर डोंगराचे तुकडे पाडले जातात. जिथे असण्याची शक्यता जास्त, तिथे माणसं आधी. फोन चालू असेल तर पथक त्यावर एक लिंक पाठवतं. ती दाबली की फोन स्वतःच आपलं ठिकाण कळवतो आणि शोध इथेच, या टेबलावर संपू शकतो. पण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते आणि घळीत रेंज नसते. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येतं, तेही ढग वर सरकला तर. मग उरतात पाय आणि नाक.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दाढीवाला गिर्यारोहक, बर्फ, स्ट्रेचर.)

नाकाची ही गोष्ट इथे आणली हॅमिश मॅकइनेस यांनी. 1961 मध्ये ग्लेन्कोचं बचावपथक त्यांनी उभं केलं. पगार नाही, सरकारी हुद्दा नाही. अपघात झाला की शेजारीपाजारी हातातलं काम टाकून डोंगरात धावायचे, त्या धावण्याला त्यांनी शिस्त लावली. घडी घालून पाठीवर नेता येईल असा स्ट्रेचर त्यांनी घडवला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हिमकडा कोसळून गाडली गेलेली माणसं हुंगून काढणारे कुत्रे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये पाहिले आणि मनात घेतलं, हे इथे का नको? इथे बर्फाखालची माणसं तर होतीच. पण धुक्यात, झाडोऱ्यात, शिळांच्या राशीत हरवलेली त्याहून जास्त होती. 1965 मध्ये शोधकुत्र्यांची संघटना स्थापन झाली आणि पुढे ब्रिटनभर तिच्या शाखा पसरल्या. मॅकइनेस 2020 मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले. आज या उतारांवर धावणारी प्रत्येक कुत्री त्यांनी घातलेल्या पायवाटेवरच धावते आहे.

(दृश्य: मेंढ्यांचा कळप. मधून दोरीविना चालणारा तरुण कुत्रा.)

ही पहिली परीक्षा, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड. संपूर्ण डोंगरभर मेंढ्या चरतात. शोधाला सोडलेला कुत्रा बराच वेळ नजरेआड असतो. त्याने एकदा जरी मेंढीचा पाठलाग केला तरी धनगराचं नुकसान, आणि उद्यापासून त्या रानात पथकाला पाऊल टाकणं कठीण. म्हणून मेंढ्यांमध्ये नेऊन पाहतात. तो वळून बघतो का, दबा धरतो का? धरला तर पुढचं शिक्षण नाही. आणि यातले बहुतेक कॉली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मेंढ्या वळायलाच वाढवलेली जात. हा बघा कसा चाललाय. जणू मेंढ्या तिथे नाहीतच.

(दृश्य: हँडलर, म्हणजे कुत्र्याला शोधाला सोडणारा त्याचा जोडीदार, ओंजळीतून पांढरी भुकटी उडवतो. ती तिरकी वाहत जाते.)

माणसाच्या अंगावरून मिनिटाला त्वचेचे हजारो सूक्ष्म कण झडतात. ते वाऱ्यावर जातात. या कुत्र्यांना हरवलेल्याचा रुमाल किंवा टोपी हुंगायला देत नाहीत, ते कोणा एकाचा माग काढत नाहीत. समोरच्या उतारावर माणसाचा वास आहे का, एवढंच ते शोधतात. उरलेलं काम हँडलरचं. वारा कुठून वाहतो ते बघून तो आडवा चालतो, म्हणजे कुत्र्याला वाऱ्याची जास्तीत जास्त रुंदी कापता येते. दिवसा उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. सकाळी वरून पिंजून काढलेला उतार संध्याकाळी खालून पिंजावा लागतो. अंधाराचं कुत्र्याला काही नाही. अंगावर दिवा लावून तो रात्रीही तसाच पळतो.

(दृश्य: शिळेआड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुरफटून पडलेली बाई. टोपीवर पावसाचे थेंब. ती निश्चल.)

आणि ही तिला सापडणार असलेली व्यक्ती. ही हरवलेली नाही. ही सकाळी स्वतःच्या पायांनी इथे आली, शिळा निवडली आणि आडवी झाली. अशा स्वयंसेवकांना इथे 'डॉग्जबॉडी' म्हणतात. पावसात, गारठ्यात, कुणीतरी येऊन शोधेपर्यंत पडून राहायचं. हलायचं नाही, हाक मारायची नाही. कुत्र्याला चूक करायला जागा द्यायची, वेळ द्यायचा. पिल्लाचं शोधकुत्र्यात रूपांतर व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि त्यातली बहुतेक मेहनत या पडून राहण्यावर उभी असते. बातमीत कुत्र्याचा फोटो येतो, क्वचित हँडलरचा. हिचा येत नाही. या चित्रफितीत ती एवढा वेळ दिसते आहे, ते त्यासाठीच.

(दृश्य: कुत्री शिळेपाशी पोचते. क्षणभर हुंगते. उलट फिरून उतारावरून सुसाट खाली.)

बघा, ती थांबली नाही. माणूस सापडला की हँडलरकडे धाव घ्यायची, भुंकायचं, आणि त्याला घेऊन परत माणसाकडे. मग पुन्हा हँडलरकडे, पुन्हा माणसाकडे. तो पोचेपर्यंत हे चालूच. एकाच उतारावर ती तीनदा वर-खाली करते आहे, आणि हँडलरचा तर पहिलाच चढ अजून अर्धा आहे.

(दृश्य: बाई पिशवीतून हात बाहेर काढते. हातात चेंडू. कुत्री उड्या मारते.)

हे तिचं बक्षीस. हा चेंडू मिळावा म्हणून ती रानोमाळ धावते.

(दृश्य: बर्फाची तुफान भुरभुर. दिव्यांची रांग वर सरकते.)

सगळेच जिवंत सापडत नाहीत. काही जण बर्फ वितळल्यावर, वसंतातच हाती लागतात.

(दृश्य: शिट्टी फुंकणारा पथकातला तरुण. पाठीमागे कडा.)

कुत्र्याला माणसाचा वास पुरतो, पण पथकाला कानही लागतो. अडकलेल्याने मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. पथकाचं उत्तर मिनिटात तीन. क्लिंटन डेंट नावाच्या गिर्यारोहकाने 1894 मध्ये सुचवलेली ही खूण आजही आल्प्सपासून इथपर्यंत चालते. रात्र असेल तर टॉर्चने तशीच. आवाज घशाच्या बाहेर पडेनासा होतो तेव्हाही शिट्टी वाजते. वाट चुकल्याचं कळताच जो एका जागी थांबतो, वाऱ्याच्या आडोशाला बसतो, अंगाखाली दोर किंवा सॅक घालून जमिनीचा गारठा तोडतो, त्याच्यापर्यंत कुत्रा लवकर पोचतो. चालत सुटलेला माणूस शोधून झालेल्या तुकड्यात परत शिरतो, आणि तो तुकडा पुन्हा लवकर कोणी बघत नाही.

(दृश्य: पथकाचं ठाणं. ओले दोर वाळत घातलेत. कोपऱ्यात दानपेटी.)

सुटका झालेल्याकडून इथे पैसे घेत नाहीत. पथकाच्या खर्चाचा मोठा भार देणग्यांवर आहे. तयार झालेल्या कुत्र्यालाही ठराविक वर्षांनी नव्याने परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेलाही कुणीतरी डोंगरात जाऊन पडायला हवं असतं. पुढच्या वेळी उतार दुसरा असेल, या बाईंच्या जागी दुसरं कुणी असेल. मेंढ्यांमधून चालून गेलेला तो तरुण कुत्रा तेव्हा पहिल्यांदा रात्री सोडला जाईल.