जुनी प्रियस घेताना

नमस्कार श्रोतेहो.

ऑगस्ट उजाडला की आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-नागपूरची मुलं शिकायला येऊन दाखल होतात. आधी खोली, मग रूममेट, आणि महिनाभरात गाडी. हातात चार-पाच हजार डॉलर असतात. एकजण सांगतो, "प्रियस घे, पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल." दुसरा म्हणतो, "अजिबात नको, बॅटरी गेली की सगळे पैसे पाण्यात." मुलं बिचारी गोंधळतात. म्हणून आज या एकाच गाडीबद्दल बोलणार आहे: 2004 ते 2009 या सालांची, दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस.

काही वर्षांपूर्वी माझा भाचा याच पेचात होता. त्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. एक 2007ची, अवघे 88 हजार मैल चाललेली, आतून-बाहेरून चकचकीत. मालक वारले आणि ती सॅक्रामेंटोच्या उन्हात दीड वर्ष अंगणात उभी राहिली. दुसरी 2008ची, एका नर्सबाईंची. रोज पूल ओलांडून कामाला जाणारी, 1 लाख 74 हजार मैल झालेली, दारावर पोचा. किंमत जवळपास सारखीच. भाचा म्हणाला, "मामा, यात विचार काय करायचा? पहिलीच घेऊ." मी म्हटलं, "थांब. आधी दोन्ही चालवून बघू."

मैलांचा आकडा बघून गाडी पारखायची सवय आपल्याला साध्या गाड्यांनी लावली. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, गणित वेगळं आहे. प्रियस जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात विक्रीला आली, अमेरिकेत 2000 साली. तिच्यात वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. दोन विद्युत मोटरी आणि दीड लिटरचं इंजिन एका ग्रहमालेसारख्या दातेरी चक्रांच्या संचात जोडलेले असतात आणि गिअर बदलण्याचं काम तिथेच होतं. इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे. गाडीचा वेग कमी करताना मोटर उलटी वीज तयार करते, म्हणून ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे झिजणाऱ्या बऱ्याच वस्तू या गाडीत मुळातच नाहीत. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने 2011 साली पहिल्या पिढीची, 2 लाखांहून जास्त मैल झालेली एक 2002ची प्रियस तपासली, तर तिचं मायलेज दहा वर्षांपूर्वी नव्या गाडीचं मोजलं होतं जवळपास तेवढंच भरलं.

आता बॅटरी. मागच्या सीटच्या पाठीमागे निकेल-मेटल हायड्राइडचे 28 मॉड्यूल, म्हणजे छोट्या-छोट्या बॅटऱ्या, एका ओळीत जोडलेले असतात, प्रत्येकी 7.2 व्होल्टचे. सगळे मिळून साधारण 200 व्होल्ट. गाडीचा संगणक ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. म्हणून ती इतकी टिकते. तिचे वैरी दोन: उष्णता आणि नुसतं उभं राहणं. उभ्या गाडीत मॉड्यूल आपापल्या गतीने उतरत जातात, एक जास्त, एक कमी, आणि मग सगळ्यात अशक्त मॉड्यूल बाकीच्यांना मागे खेचतं. सॅक्रामेंटोच्या गाडीने दोन्ही सोसलं होतं.

परीक्षा सोपी आहे. पडद्यावर बॅटरीचं चित्र असतं, त्यात आठ पट्ट्या. मधल्या निळ्या, भरत आली की हिरव्या, उतरली की जांभळ्या. मिशन पीक या डोंगराच्या पायथ्याकडे चढणारा रस्ता आम्ही धरला. चढावर पट्ट्या हळूहळू कमी व्हाव्यात, उतारावर हळूहळू वाढाव्यात. पहिल्या गाडीत चार-पाच मिनिटांत जांभळं, आणि वळून खाली येताच तेवढ्याच झटपट हिरवं. भांडंच लहान झालं होतं, थोड्या पाण्याने भरायचं आणि लगेच रितं व्हायचं. मागून बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची घरघर चालू होती ती वेगळीच. नर्सबाईंच्या गाडीत पट्ट्या शांतपणे हलत होत्या.

तिथेही एक खोट सापडली. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला एक जाळी असते. तिच्यातून गाडीतली थंड हवा बॅटरीपर्यंत जाते. ती जाळी कुत्र्याच्या केसांनी गच्च भरली होती. बाईंना ती जाळी कशासाठी आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. अशाने चांगली बॅटरी तापून लवकर मरते. तेवढ्यावर आम्ही किंमत थोडी कमी करून घेतली, आणि घरी आणल्यावर आधी पंखा साफ करून घेतला.

माझा आग्रह असा, की चाळीसेक डॉलर खर्चून एक ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र, घ्या. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला तो लावला की फोनवरच्या हायब्रिडच्या ॲपमध्ये बॅटरीचे 14 गट दिसतात, प्रत्येक गटात दोन मॉड्यूल. गाडी जोर लावत असताना गटागटांत व्होल्टच्या दशांशांचा फरक चालतो. एक व्होल्टच्या वर फरक दिसला तर बॅटरीचे दिवस भरत आलेत असं समजा.

"बॅटरी नुकतीच बदललीय," असं विकणारा म्हणाला तर पावती मागा. नवा संच बसवला असेल तर उत्तम. पण बरेचदा 28 पैकी एक-दोन मेलेले मॉड्यूल काढून जुन्या गाडीतले दुसरे टाकलेले असतात. म्हाताऱ्या बैलाशेजारी खोंड जुंपावा तसं होतं ते. काही महिन्यांनी पुन्हा डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागतो. आणि श्रोतेहो, नारिंगी वेष्टनाच्या तारांना स्वतः हात लावू नका. तिथे माणूस मारण्याइतकी वीज असते.

बॅटरीच्या भीतीपोटी माणसं बाकीच्या गोष्टी बघायला विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण रस्त्यात अडकवणाऱ्या बऱ्याच भानगडी तिथेच असतात. बोनेटखालच्या इन्व्हर्टरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राला, थंड ठेवणारा एक छोटा पंप असतो. 2012 साली टोयोटाने त्यासाठी गाड्या परत बोलावून तो फुकट बदलून दिला. गाडी 'रेडी' स्थितीत, म्हणजे चालायला तयार, असताना इन्व्हर्टरच्या पाण्याच्या टाकीत डोकावा. पाणी घुसळलं जात असेल तर पंप जिवंत आहे. डॅशबोर्डवरचे वेगाचे आकडे कधीकधी अचानक गायब होतात. एका लहानशा कपॅसिटरचा दोष, दुरुस्त होतो. आणि ट्रंकमधली साधी 12 व्होल्टची बॅटरी अशक्त झाली की एकदम वेगवेगळे दिवे लागतात. घाबरून लोक चांगली गाडी कवडीमोलाने विकतात.

कॅलिफोर्नियात आणखी एक संकट आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची, चोरी. त्यात पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. प्रियसचं इंजिन कमी चालतं म्हणून तिच्यात ते कमी झिजतात, आणि चोरांना नेमकी हीच पिढी आवडते. खाली वाकून तो जागेवर आहे का ते पाहा. बदललेला असेल तर कॅलिफोर्नियात मान्य असलेलाच आहे ना, याची खात्री करा, नाहीतर स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, अडकेल. त्या तपासणीचा दाखला खाजगी विक्रीत विकणाऱ्याने द्यायचा असतो, आणि तो 90 दिवसांच्या आतला हवा.

काहीजण विचारतात, थोडे जास्त पैसे घालून 2010 नंतरची घ्यावी का? माझं मत, डोळे झाकून नको. तिसऱ्या पिढीच्या 1.8 लिटर इंजिनात ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या, वाटा काजळीने बुजतात आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सीलबंद पट्टी, जाण्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. त्या मानाने आधीचं इंजिन शांत, सोशिक आहे.

भाच्याने नर्सबाईंची गाडी घेतली. बॅटरीसाठी दोन हजार डॉलर बाजूला ठेव, असं मी पहिल्याच दिवशी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. 2 लाख 6 हजार मैलांवर दिवा लागला. पैसे तयार होते. नवा संच बसला आणि तीच गाडी घेऊन तो नोकरीला सॅन डिएगोला गेला.

या शनिवारी कुणी गाडी बघायला निघणार असाल, तर सकाळी लवकर जा. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनाचा पहिला आवाज तुम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकायचा आहे.