घराखालची जमीन कुणाची?

[दृश्य: सकाळ. जांभ्याचा गडगा, त्यामागे कौलारू घर. पडवी, ओटी, मागे परडं आणि विहीर.]

गुहागर असो, देवगड असो की वेंगुर्ला, किनाऱ्यावर विकायला निघालेलं जुनं घर साधारण असंच असतं. बघायला आलेला माणूस वासे बघतो, कौलं बघतो, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का ते विचारतो. मग विकणारा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना आठ, पुढे करतो. त्यावर त्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो, घरपट्टी भरल्याची पावतीही सोबत असते.

इथेच पहिला प्रश्न येतो: घरपट्टी याच्या नावावर आहे, म्हणजे घर याचंच ना?

या उताऱ्यावरून इतकंच कळतं की घराचा कर कुणाकडून वसूल करायचा. घराखालच्या जमिनीची मालकी त्यावरून ठरत नाही. कोकणात कित्येक घरं भावकीच्या सामाईक जमिनीत उभी आहेत. आजोबांनी बांधलं, चुलत्यांनी हरकत घेतली नाही, घरपट्टी एकाच्या नावावर लागली. म्हणून त्या नमुन्यावरचं नाव बाजूला ठेवा आणि जागेचा सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर विचारा. जागा गावठाणात असेल तर सनद किंवा मालमत्ता पत्रक मागा. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, तो विकणाऱ्याकडून न घेता स्वतःच काढा.

[दृश्य: टेबलावर सातबारा. बोट एकेका ओळीवर सरकतं.]

आता हा कागद जवळून बघू. यावर भोगवटादारांची, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर आहे त्यांची, नावं असतात. जुन्या उताऱ्यावर एखादं नाव कंसात असेल तर ती नोंद कमी झालेली आहे. नव्या उताऱ्यावर कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ असते. नावाजवळचा आकडा फेरफाराचा, म्हणजे ते नाव कशाच्या आधारे लागलं त्या नोंदीचा. आणि एका नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ए.कु.मॅ.

एकत्र कुटुंब मॅनेजर. कोकणातल्या व्यवहारांत सगळ्यात जास्त घोळ याच अक्षरांपाशी होतो. उताऱ्यावर नाव एकाचं दिसतं, पण ते सगळ्या कुटुंबाच्या वतीने लावलेलं असतं. त्याच्या मागे भाऊ असतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतात, मुंबईत गिरणगावात गेलेल्या काकांची मुलं असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे 2005 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. बहिणींना सोडून केलेलं खरेदीखत म्हणजे पुढच्या दाव्याला दिलेलं आमंत्रण. म्हणून ज्या फेरफाराने ते नाव लागलं, तो फेरफार तलाठ्याकडून काढा आणि मयत माणसाच्या सगळ्या वारसांची वंशावळ लिहून घ्या. एकेका वारसाला खरेदीखतात सही करायला लावा, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. बहीण तोंडी म्हणाली, ‘मला काही नको, भावाचंच आहे सगळं’, तर तिचं मन मोठं आहे, पण त्यावर खरेदी उभी राहत नाही.

वारसांत कुणी अज्ञान असेल, म्हणजे 18 वर्षांखालचं, तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता आई किंवा वडिलांनी परस्पर सही केली, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतो.

‘सगळे नाही, एका भावाचाच हिस्सा घेतला तर?’ घेता येतो, पण राहायला मिळेल असं धरू नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 ने तो रोखला आहे. वाटपाचा दावा लावला, तर उरलेले भाऊ तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतात. आधी वाटप, मग खरेदी, हाच क्रम ठेवा.

सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला इतर हक्क. हा रकाना लोक वाचतच नाहीत. यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असू शकतं, बँकेचा बोजा असू शकतो, खाजगी वनाची किंवा भूसंपादनाची नोंद असू शकते. इथे पूर्वी खोती, म्हणजे खोताकरवी शेतसारा वसूल करायची पद्धत, होती. ती 1949 च्या कायद्याने गेली, पुढे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कुळांना मालकीची वाट मिळाली, पण त्या काळच्या नोंदी अजून उताऱ्यावर दिसतात. कुळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 ची अट असते. खरेदीचा दाखला मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 40 पट नजराणा भरून ती विकता येते, मात्र घेणारा शेतकरी लागतो. याशिवाय भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असा शेरा असेल, किंवा आंबोली-गेळे-चौकुळकडे कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीचा, विषय निघाला, तर प्रश्न वेगळा आणि लांबचा आहे. तिथे विसारसुद्धा देऊ नका.

[दृश्य: माडांच्या पलीकडे समुद्र. ओहोटी.]

‘आम्ही शेतकरी नाही, तरी हे घर घेता येईल?’ घर गावठाणात असेल किंवा जमीन अकृषिक झालेली असेल, तर येईल. पण घर नुसतंच शेतजमिनीत उभं आहे, सातबाऱ्यावर शेतीच दिसतेय आणि अकृषिक आदेश नाही, तर बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जमीन घेता येत नाही. घेतलीच तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. आदेश हाती पडेपर्यंत थांबा. ‘नंतर एनए (अकृषिक) करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका.

समुद्राजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते 50 मीटर केलं. नियंत्रण मात्र 500 मीटरपर्यंत आहे. खाडीकाठीही नियम आहेतच, आणि ते लोकांच्या लक्षात राहत नाहीत, कारण समोर नुसती शांत खाडी दिसते. जुनं घर पाडून मोठं बांधायचा विचार असेल, तर मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे येतो ते आधी पाहा.

वाट. घराला रस्ता आहे का, असं नुसतं विचारू नका, तो रस्ता कुणाच्या जमिनीतून येतो ते विचारा. शेजाऱ्याच्या परड्यातून पन्नास वर्षं चालत आलेली पाखाडी जुन्या मालकाला सवयीने मिळत होती, ती तुम्हाला मिळेलच असं नाही. ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्याशी वेगळा नोंदणीकृत दस्त करा, रुंदी मीटरमध्ये लिहा. विहिरीच्या वाट्याचंही तसंच. आणि आंबा-काजूची कलमं: जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची असा प्रकार इथे आहे, तेव्हा झाडांची संख्या दस्तात घाला.

सौदा करण्याआधी मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, शेजाऱ्यांना नोटिसा जातात, मोजणी झाली की ‘क’ प्रत मिळते. गडगा आणि नकाशाची रेघ कित्येकदा जुळत नाही. गडगा पूर्वजांनी जमेल तिथे घातलेला असतो. मोजणीला वेळ लागतो, म्हणून विक्रेता टाळाटाळ करतो. तिथे घाई करू नका, भांडण पुढे तुमच्या दारात येतं.

शोध 30 वर्षांचा घ्यावा, वकिलाकडून. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनमध्ये जुने दस्त सापडतात. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि हरकतीला 15 दिवस ठेवा.

[दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा बाक. फाईल हातात धरलेली माणसं.]

‘साठेखत झालंय, निम्मे पैसे दिलेत, मग घर आमचंच ना?’ साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी खरेदीखताने, तेही नोंदवल्यावर. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर पूर्ण किंमत देऊन मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं आहे. विकणारा परदेशात असेल आणि मुखत्यार सही करणार असेल, तर ते पत्र वकिलातीत साक्षांकित झालेलं हवं, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित झालेलं हवं, आणि नोंदणीच्या दिवशी लिहून देणारा हयात आहे याची खात्री हवी. तो वारला तर अधिकारही संपतो.

मुद्रांक शुल्क वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत आणि ठरलेली किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. राहतं घर स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा. उशीर झाला तर दंड फीच्या दहापटीपर्यंत जातो. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर ही 50 लाखांची मर्यादा लागू नाही आणि दर बराच जास्त असतो. आखातात असलेल्या भावाच्या सहीवेळी हे विसरलं, तर आयकर खात्याची नोटीस घर घेणाऱ्याला येते.

दस्त झाला म्हणजे काम संपलं, असं समजून लोक घरी जातात. दस्ताची प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफार धरलाय का ते पाहा. तो संबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. त्या तारखेला स्वतः हजर राहा, शोध अहवाल आणि हक्कसोडपत्रं सोबत न्या. मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून नाव, हिस्सा आणि क्षेत्र एकेका आकड्याने तपासा. मग ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टी तुमच्या नावावर करून घ्या, आणि विजेच्या मीटरचा अर्ज त्याच दिवशी द्या.