नावाआधीची पदवी

मित्रहो, आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. सोव्हिएत संघातील ‘नरोदनी आर्तिस्त’ या पदवीचे भाषांतर ‘लोककलावंत’ असे केले, तर आपल्या डोळ्यांपुढे ढोलकी, फड आणि शाहीर उभे राहतील. प्रत्यक्षात ती मिळे ऑपेरातील गायकाला, बॅले नर्तिकेला किंवा नामांकित नाट्यसंस्थेच्या नटाला. म्हणून मी ‘जनतेचा कलावंत’ म्हणेन, जरी ती पदवी देणारी जनता नव्हे, सरकार होते.

साऱ्या संघासाठीची ही पदवी 1936 मध्ये सुरू झाली. पहिल्या 13 मानकऱ्यांत सत्तरी ओलांडलेले नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की होते, तशीच अवघ्या 24 वर्षांची कझाक गायिका कुल्याश बैसेइतोवाही होती. या पदवीच्या खाली प्रत्येक प्रजासत्ताकाच्या पदव्या, त्यांच्याही खाली ‘गुणवंत कलावंत’, अशी ती उतरंड होती. वर चढावे तसा मानधनाचा दर वाढे आणि घरात जादा जागेवर हक्क सांगता येई. जाहिरातीत नावाआधी पदवीचे संक्षिप्त रूप छापले जाई आणि निवेदकही ती उच्चारूनच गायकाला मंचावर बोलावत असे. आपल्याकडे संविधानाच्या 18व्या अनुच्छेदाने नेमकी हीच वाट बंद केली आहे. ‘पद्मश्री’सुद्धा नावामागे लावता येत नाही, हे आपले निमंत्रणपत्रिका छापणारे सोयीस्करपणे विसरतात.

या उतरंडीत कवी-गायक आणि नट व्लादिमीर विसोत्स्कीला हयातीत एकही पायरी मिळाली नाही, आणि तरी 1980 च्या जुलैमध्ये, ऑलिंपिक चालू असताना, त्याच्या अंत्यदर्शनासाठी मॉस्कोचे रस्ते माणसांनी भरून गेले. उलट, राजवटीच्या रोषाला पात्र ठरलेला लेखक सोल्झेनित्सिन याला आपल्या घरी आसरा देणारा चेलोवादक रोस्त्रोपोविच आणि त्याची पत्नी, गायिका विश्नेवस्काया, यांना 1966 मध्ये मिळालेली पदवी 1978 मध्ये नागरिकत्वासह हिरावली गेली आणि 1990 मध्ये परत दिली गेली.

साम्यवादी राजवट कोसळल्यावर चेकोस्लोव्हाकियातील ‘राष्ट्रीय कलावंत’ ही पदवी बंद पडली. रशियाने मात्र आपल्या प्रजासत्ताकाच्या पदवीचे नाव बदलले आणि प्रथा चालू ठेवली. व्हिएतनाममध्ये तर आजही राष्ट्रीय महोत्सवांतील पदकांचा हिशेब लावून अशी पदवी दिली जाते.

पण मला सर्वांत बोलके वाटते ते शाल्यापिनचे प्रकरण. या धिप्पाड गायकाला 1918 मध्येच ‘प्रजासत्ताकाचा जनतेचा कलावंत’ ठरवले होते. 1922 मध्ये तो दौऱ्यासाठी परदेशी गेला आणि परतलाच नाही. पुढे पॅरिसमध्ये निर्वासित रशियनांच्या गरीब मुलांसाठी त्याने एका धर्मगुरूच्या हाती पैसे दिले. ही मदत क्रांतीच्या शत्रूंना पोहोचली असे ठरवून 1927 मध्ये त्याची पदवी काढून घेण्यात आली. तो 1938 मध्ये पॅरिसमध्येच वारला. 1984 मध्ये त्याचे अवशेष समारंभपूर्वक मॉस्कोला आणून नोवोदेविची दफनभूमीत पुरण्यात आले. पदवी रद्द करणारा तो हुकूम मात्र कागदावर तसाच होता. तो मागे घेतला गेला 1991 मध्ये.