नकाशाचं शून्य

नमस्कार श्रोतेहो.

सप्टेंबर 1999. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं नॉर्थ कॅरोलायना हे राज्य. महिन्याच्या सुरुवातीलाच डेनिस नावाचं वादळ तिथे भरपूर पाऊस पाडून गेलं होतं. जमीन आधीच तुडुंब भिजलेली. त्यात 16 तारखेला पहाटेच्या अंधारात केप फिअरजवळ फ्लॉइड हे चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलं. पडलेलं पाणी मुरायला जागाच नव्हती. टार आणि न्यूस या नद्या पात्र सोडून मैलोन्‌मैल पसरल्या.

टार नदीच्या काठावर प्रिन्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी ते 1865 मध्ये वसवलं, आणि 1885 मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. त्यांच्या वाट्याला ही जागा आली, कारण ती सखल होती, पाणथळ होती, दुसऱ्या कुणाला नको होती. 1967 मध्ये नदी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा संरक्षक बांध घातला गेला, आणि लोक निश्चिंत झाले. फ्लॉइडच्या पुरात तो बांध पुरा पडला नाही. गाव छपरांपर्यंत पाण्यात गेलं.

पाणी ओसरल्यावर राज्यातले लोक पूररेषांचे नकाशे उघडून बसले. त्यांना जे दिसलं, ते मला पुराइतकंच अस्वस्थ करतं. राज्यातले सुमारे 75 टक्के पूरनकाशे किमान पाच वर्षं जुने होते, आणि निम्म्याहून जास्त नकाशे किमान दहा वर्षं जुने. हे नकाशे करायचं काम होतं केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं, म्हणजे फेमाचं. तिच्याकडचा पैसा सगळ्या देशात वाटला जायचा. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी एखाद्या काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा, नवा अभ्यास यायचा. राज्यात काउंट्या शंभर. म्हणजे शेवटच्या काउंटीचा नंबर लागेपर्यंत पहिलीचा नकाशा शंभर वर्षांचा झालेला असणार.

हा नकाशा भिंतीवर लावायचा नसतो, श्रोतेहो. घर बांधायला परवानगी मिळणार की नाही, जोतं किती उंच घ्यायचं, घरकर्ज घेताना पुराचा विमा सक्तीचा आहे का, हे सगळं त्या एका रेषेवर ठरतं. तिच्या अलीकडे तुम्ही पूरक्षेत्रात, पलीकडे बाहेर. ती चुकीच्या जागी ओढली असेल, तर एखादं कुटुंब उगाच हप्ते भरत राहतं. दुसरं कुटुंब रात्री निर्धास्त झोपतं, आणि त्याच घरात पाणी शिरतं.

मग राज्याने ठरवलं की हे काम आपणच अंगावर घ्यायचं. 15 सप्टेंबर 2000 रोजी, फ्लॉइडला एक वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी, नॉर्थ कॅरोलायनाने फेमाशी तांत्रिक भागीदारीचा करार केला. सबंध राज्याने अशी जबाबदारी घेण्याची ही पहिलीच वेळ. शंभर काउंट्यांची जमीन विमानातून मोजायची आणि तिच्यावर पूररेषा नव्याने आखायच्या, असा हा संकल्प.

विमानातून मोजायचं ते लिडारने. विमानाच्या पोटातून लेसरचे बारीक ठोके जमिनीवर सोडले जातात आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते टिपलं जातं. विमान दीड हजार मीटरवर असेल, तर प्रकाश जाऊन परत येतो सेकंदाच्या एक लाखाव्या भागात. वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली, तर उंचीत पंधरा सेंटिमीटरची चूक होते. या राज्यातल्या पहिल्या मोजणीत किनारपट्टीला वीस आणि आतल्या भागात पंचवीस सेंटिमीटरपर्यंतची चूक मान्य होती. वीतभर, म्हणा ना. ऐकायला ती क्षुल्लक वाटते. पण किनाऱ्याजवळची जमीन जवळपास सपाट आहे. जिथे पाचशे फूट चालल्यावर जमीन एक फूट चढते, तिथे उंचीत एक फूट चुकलं की पूररेषा पाचशे फूट सरकते. पाचशे फुटांत अख्खी गल्ली येते.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला बसलो, तिच्याकडे येतो. उंची मोजायची ती कुठून? आपण सहज म्हणतो, समुद्रसपाटीपासून. पण कोणत्या समुद्राच्या, कुठल्या दिवशीच्या? अमेरिकेत 1929 साली अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांवरची 26 भरतीमापन केंद्रं धरून एक शून्य ठरवलं गेलं. जुने पूरनकाशे, जुन्या पुलांचे आराखडे, मोजणीच्या जुन्या खुणा, सगळं त्या शून्यावर. पुढे लक्षात आलं की वेगवेगळ्या ठिकाणी समुद्राची पातळी मुळात सारखी नसतेच. म्हणून 1988 चं नवं शून्य आलं, आणि ते एकाच जागी बांधलं गेलं: कॅनडात, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, रिमूस्की इथे. नॉर्थ कॅरोलायनातल्या शेताची उंची आज त्या परदेशातल्या एका खुणेपासून मोजली जाते. राज्याच्या पूर्व भागात या दोन शून्यांत सुमारे एक फुटाचा फरक पडतो. तोच एक फूट, पाचशे फूट सरकवणारा.

त्यात उपग्रहाचं तिसरं शून्य आहे. विमानाची जागा जीपीएसवरून कळते, आणि जीपीएस उंची मोजतं ते पृथ्वीच्या गणिती आकारापासून. नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळूत लाटा पायाला लागताहेत अशा जागी उभं राहून उपग्रहाला उंची विचारली, तर उत्तर येतं उणे तीस मीटरहून खाली. उपग्रहाची यात काही चूक नाही, त्याचं शून्य वेगळं. म्हणून राज्यभराचं काम सुरू करताना विमानाच्या आधी ठरवावं लागतं ते सगळ्यांनी धरायचं शून्य. उड्डाण करणारी कंपनी, नदीचे छेद घेणारे मोजणीदार, पाण्याचं गणित करणारे अभियंते आणि काउंटीचे बांधकाम अधिकारी, सगळ्यांचं एकच. मोजणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. दोन कागदांवरचे आकडे जुळत नाहीत म्हणून उपकरणाला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले. बहुतेक वेळा उपकरण निर्दोष असायचं, कागदांची शून्यं वेगळी असायची.

उड्डाणं करायची ती पानगळीत, हिवाळ्यापासून वसंताच्या तोंडापर्यंत. फांद्या उघड्या असल्या म्हणजे लेसरचे काही ठोके तरी जमिनीपर्यंत पोचतात. पण राज्याच्या पूर्वेला पाइनची झाडं फार, आणि पाइन हिवाळ्यातही हिरवा. तिथल्या दाट झुडपांच्या दलदलीत तर जमीन सापडणंच कठीण. म्हणून एकाच ठोक्याचे परत आलेले अनेक पडसाद तपासून शेंडा कुठला, फांदी कुठली आणि माती कुठली ते वेगळं काढावं लागतं. झाडं आणि घरं बाजूला काढून उघडी जमीन उरते, तेव्हा कुठे पुराचं गणित सुरू होतं.

त्यातही एक फसगत असते. विमानाला पूल दिसतो तो भरीव भिंतीसारखा. संगणकाला ती उंची तशीच दिली, तर नदी प्रत्येक पुलापाशी अडते आणि पूल नसून धरण आहे अशा थाटात मागे तळं साठतं. म्हणून पूल काढून टाकावे लागतात. रस्त्याखालच्या मोऱ्या विमानाला दिसतच नाहीत. आणि नेहमीच्या लिडारचा अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेतं, त्यामुळे नदीचा तळ कोरा राहतो. जो भाग सगळ्यात आधी भरणार, नेमका तोच. तिथे माणसंच पाठवावी लागतात. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, मोजपट्टी उभी धरून काठापासून काठापर्यंत छेद घेणारी माणसं. मोरीत वाकून तिचा व्यास मोजणारी माणसं. नकाशावर त्यांचं नाव कुठे येत नाही, पण त्यांच्यावाचून तो नकाशा खोटा असतो.

मोजणी करणारा आणि ती तपासणारा, हे दोघे एकच असू नयेत, हे या राज्याने सुरुवातीपासून पाळलं. राज्याच्या भूगणित विभागाने जमिनीवर स्वतंत्र खुणा मोजून लिडारची पारख केली, आणि ती पाच प्रकारच्या जागी: गवत, शेतं, झुडपं, दाट झाडी आणि वस्ती. डांबरी रस्त्यावर सगळ्यांचीच उंची बरोबर येते. खरी परीक्षा झुडपात.

आता काउंट्यांविषयी. काउंटीच्या हद्दी कागदावर, नदी जमिनीवर. पुष्कळदा नदीच दोन काउंट्यांची हद्द असते. डाव्या काठाचा अभ्यास एका वर्षी, उजव्या काठाचा दहा वर्षांनी, वेगळ्या पावसाच्या आकड्यांवर झाला, तर एकाच पुराच्या दोन काठांना दोन उंच्या निघतात! म्हणून राज्याने काम काउंटीवार न वाटता खोऱ्यांवार वाटलं. फ्लॉइडने झोडपलेली पूर्वेची खोरी आधी, पश्चिमेचे डोंगर शेवटी. उगमाकडच्या गावाने भराव घातला तर मुखाकडच्या गावाचं पाणी चढतं, हे दोन्ही गावच्या अधिकाऱ्यांना एका खोलीत, एका नकाशावर बसवल्याशिवाय पटत नाही. समन्वय हा शब्द सरकारी कागदांत फार वापरला जातो. पण मला विचाराल तर तो म्हणजे ही खोली.

नकाशाचा मसुदा तयार झाला की तो लोकांपुढे जातो. हरकतींसाठी नव्वद दिवस असतात, मात्र हरकतीला मोजमापाचा आधार लागतो. माझ्या अंगणात कधी पाणी आलं नाही, एवढं म्हणून भागत नाही. हा नियम मला रास्त वाटतो. तरी जो हे म्हणतो त्याचं ऐकून घेणंही तितकंच रास्त, कारण त्याला एखादी अशी मोरी ठाऊक असते, जी आराखड्यात नसते.

याच बैठकांत शंभर वर्षांच्या पुराचा घोळ निघतो. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, असं नाही. दरवर्षी येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या घरकर्जाचा हिशोब मांडला तर ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के निघते. चारांत एक. हा आकडा सांगितला की खोलीत शांतता पसरते.

ऑक्टोबर 2016 मध्ये मॅथ्यू चक्रीवादळ आलं. गोल्ड्सबरो आणि किन्स्टन इथे न्यूस नदी फ्लॉइडच्याही वर चढली. प्रिन्सव्हिलमध्ये पाण्याने बांधाला वळसा घातला आणि गाव पुन्हा बुडालं. दोन वर्षांनी फ्लॉरेन्स. आणि सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन थेट पश्चिमेच्या डोंगरांत. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 पासूनचा उच्चांक मोडला. दरडी कोसळल्या, ओढ्यांनी पात्रं बदलली. अशा ठिकाणी आधीची उंची आता त्या जमिनीची राहिलेली नाही. तिथे पुन्हा उडायचं, पुन्हा पाण्यात उतरायचं.

अशा प्रत्येक पुरानंतर, पाणी ओसरता ओसरता, मोजणीदारांच्या तुकड्या गावागावांत फिरतात. भिंतीवर, खांबावर, दाराच्या चौकटीवर चिखलाची आडवी रेघ उमटलेली असते. घरमालक ती धुऊन काढायच्या आत पोचावं लागतं. तिच्याशेजारी खिळा ठोकायचा, फोटो काढायचा, आणि रिमूस्कीच्या त्या शून्यापासून ती रेघ किती फुटांवर आहे, ते लिहून घ्यायचं.

नमस्कार.