झेंडा चढवला कधी?

मंडळी, आजचा विषय अमेरिकेतल्या कॉन्फेडरेट झेंड्याचा आहे, एकोणिसाव्या शतकात देशातून फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्याचा. पण त्याचा एक धागा मुंबईच्या कापूसबाजारात येऊन पोचतो आणि दुसरा थेट जोतीराव फुल्यांपर्यंत, म्हणून तो इथे मांडायला मला संकोच वाटत नाही.

१७ जून २०१५ ची संध्याकाळ. साउथ कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन शहर आहे, तिथल्या एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. मेलेल्यांत चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. पुढे मारेकऱ्याचे फोटो बाहेर आले, त्यांत त्याच्याजवळ कॉन्फेडरेट झेंडा होता. लाल कापड, त्यावर तिरकी निळी फुली, फुलीत तेरा पांढरे तारे. दुखवट्यासाठी राजधानी कोलंबियात विधिमंडळाच्या घुमटावरचे देशाचे आणि राज्याचे झेंडे अर्ध्यावर आले. समोरच्या आवारात मात्र तीस फुटी खांबावर तोच तेरा ताऱ्यांचा झेंडा पूर्ण उंचीवर फडकत राहिला. कायदाच तसा होता. २००० साली झालेल्या तडजोडीत लिहून ठेवलं होतं की दोन-तृतीयांश मतांशिवाय त्याला हात लावायचा नाही. राज्यपालांनाही तो अधिकार नव्हता. पिंकनींचं पार्थिव दर्शनासाठी विधिमंडळात आणलं तेव्हा बाहेरचा झेंडा दिसू नये म्हणून एका खिडकीवर काळा पडदा टाकावा लागला. आमदाराला त्याच्याच सदनात निरोप देताना पडद्याआड लपवावी लागावी, अशी ती वस्तू. आणि बाजू घेणारे म्हणत होते, हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे.

हे म्हणणं तपासून बघू.

१८६० च्या अखेरीपासून दक्षिणेतली राज्यं देशातून फुटू लागली, १८६१ मध्ये त्यांनी कॉन्फेडरसी नावाचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं आणि उत्तरेशी यादवी युद्ध जुंपलं. त्यांचा पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा. त्याच वर्षी जुलैत मनासासच्या लढाईत, धूर आणि धुळीत, आपलं कोण नि परकं कोण हे कळेना. म्हणून सैन्यासाठी वेगळं निशाण केलं, ते हे फुलीवालं. समर्थक नेहमी सांगतात, हे साध्या सैनिकांचं निशाण आहे, सरकारचं नव्हे. हा बचाव १८६३ पर्यंत टिकतो. त्या वर्षी नवा राष्ट्रध्वज झाला तो पांढरा, आणि त्याच्या कोपऱ्यात हीच फुली बसवली. सव्हाना शहरातल्या एका संपादकाने तेव्हा लिहून टाकलं की पांढरा रंग योग्यच, कारण आपण गोऱ्या माणसाच्या देवदत्त श्रेष्ठत्वासाठी लढतो आहोत. लाजबिज काही नाही.

दुसरा बचाव, युद्ध गुलामगिरीसाठी झालंच नाही, राज्यांच्या हक्कांसाठी झालं. यावर माझं एकच सांगणं असतं: फुटताना त्या राज्यांनी स्वतः जे जाहीरनामे काढले ते वाचा. मिसिसिपीने सुरुवातीलाच म्हटलं आहे की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलायनाची तक्रार तर गमतीची आहे. उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत करत नाहीत, ही ती तक्रार. म्हणजे राज्यांचे हक्क उत्तरेने वापरले, हेच यांचं दुखणं!

या युद्धाने दक्षिणेचा कापूस अडला. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांनी आपल्याकडे मोर्चा वळवला. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंदांचं साम्राज्य उभं राहिलं, बॅक बे भरून काढायला निघालेल्या कंपनीच्या शेअरांवर लोकांनी घरंदारं लावली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी पोचली आणि सगळा बाजार कोसळला. राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या आईच्या नावाचा. त्याच्याकडे बघताना अमेरिकेतल्या गुलामांच्या युद्धाची आठवण कुणाला होत नाही. व्हायला हरकत नाही. आणि या तेजीमंदीनंतर काही वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' काढली ती कुणाला अर्पण केली? गुलामांच्या मुक्ततेसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यात बसलेल्या माणसाला ते युद्ध कशावरून झालं याबद्दल शंका नव्हती.

युद्ध हरल्यावर झेंड्याचं काय झालं? खुद्द लीने १८६९ मध्ये लिहिलं की यादवीच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, ज्या राष्ट्रांनी अशा खुणा पुसल्या त्यांच्या वाटेने जावं. पुढे कित्येक दशकं झेंडा दिसायचा तो बहुतेक म्हाताऱ्या सैनिकांच्या मेळाव्यांत, स्मृतिदिनी, थडग्यांवर. त्याला नाव ठेवायला माझी जीभ वळत नाही. मेलेल्यांना रडण्याचा हक्क हरलेल्यांनाही असतो, आणि त्या सैन्यातले बहुतेक शिपाई स्वतः गुलाम बाळगणारे नव्हते.

आता पुढच्या तारखा बघा. १९४८: कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना विरोध करायला डेमोक्रॅटिक पक्षातून दक्षिणेतले लोक फुटले, साउथ कॅरोलायनाचे राज्यपाल स्ट्रॉम थरमंड अध्यक्षपदाला उभे राहिले, चार राज्यं जिंकले. त्यांच्या सभांत हा झेंडा नव्याने फडकू लागला. १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. १९५६ ला जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात ही फुली घुसवली. ज्या कोलंबियाच्या घुमटाची गोष्ट मी सांगतोय, तिथे झेंडा चढला १९६१ मध्ये. निमित्त युद्धाच्या शताब्दीचं. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ठराव केला, पण उतरवायचा कधी हे त्यात लिहिलंच नाही. ज्या झेंड्याला दीडशे वर्षांचा वारसा म्हणतात, तो सरकारी खांबावर चढवणारी माणसं आपल्या आजोबांच्या पिढीची आहेत. वारसा सांगायचा तर १९४८ आणि १९६१ सकट सांगावा.

आणि पूर्वज म्हणजे कुणाचे? १८६० च्या शिरगणतीत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. त्यांतले चार लाखांहून अधिक गुलाम. निम्म्याहून जास्त! त्यांचे नातूपणतू आजही त्याच राज्यात कर भरतात. झेंडा त्यांच्याही आवारात होता.

म्हणून माझ्या मते हा प्रश्न जागेचा आहे. घराच्या ओसरीवर कुणी लावला तर अमेरिकेची राज्यघटना त्याला आडकाठी करत नाही, करूही नये. सरकार लावतं तेव्हा गोष्ट वेगळी. टेक्सासमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवर हा झेंडा हवा म्हणून सैनिकांच्या वंशजांची संघटना कोर्टात गेली होती. चार्ल्सटनच्या दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की नंबरप्लेट ही सरकारची वाणी आहे, सरकारला ती नाकारता येते. पाचवं मत होतं क्लॅरेन्स थॉमस यांचं, त्या खंडपीठातले एकमेव कृष्णवर्णीय आणि एरवी पक्के पुराणमतवादी.

कोलंबियात २७ जूनला ब्री न्यूसम नावाची तरुणी खांबावर चढली आणि तिने झेंडा उतरवला. तिला अटक झाली, झेंडा पुन्हा वर गेला. मग विधिमंडळात तासन्‌तास वाद झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर कनिष्ठ सभागृहाने ९४ विरुद्ध २० मतांनी तो उतरवायचं ठरवलं. राज्य सिनेटमध्ये उतरवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत पॉल थरमंड होते, त्याच स्ट्रॉम थरमंडांचे चिरंजीव. सही केली राज्यपाल निकी हेली यांनी, पंजाबी शीख आईबापांच्या लेकीने. आदल्या वर्षी याच बाई म्हणत होत्या की एकाही कंपनीच्या प्रमुखाने झेंड्याबद्दल माझ्याकडे तक्रार केलेली नाही. नऊ माणसं जावी लागली. १० जुलैला झेंडा उतरला आणि तिथल्या संग्रहालयाकडे गेला. त्याच्या मांडणीसाठी लाखो डॉलरचे प्रस्ताव निघाले. कापड होतं नायलॉनचं. लढाईचं तोंडही न पाहिलेलं.

खरा लढाईतला झेंडा बघायचा असेल तर दूर उत्तरेत, मिनेसोटात जावं लागतं. ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या रणात मिनेसोटाच्या एका शिपायाने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनिया पलटणीचा झेंडा हिसकावून घेतला. तो तिथल्या इतिहास संस्थेच्या संग्रहात जपलेला आहे. व्हर्जिनियाने तो अनेकदा परत मागितला. कुस्तीच्या आखाड्यातून राज्यपाल झालेले जेसी व्हेंचुरा यांचं उत्तर साधारण असं होतं: का म्हणून? जिंकलो आम्ही. मला विचाराल तर तो तिथे राहण्यात वावगं नाही. त्याच्यावर माणसांचा जीव गेलाय, दोन्हीकडच्या.

शेवटी जॉर्जियाचं सांगतो, कारण तिथे माझ्या म्हणण्याची उलटी परीक्षा झाली. १९५६ ची ती फुली २००१ मध्ये अगदी बारीक करून टाकली, राज्यपाल रॉय बार्न्स पुढची निवडणूक हरले, त्यात झेंड्याचाही वाटा होता. २००३ मध्ये नवा राज्यध्वज आला. तीन पट्टे, निळ्या कोपऱ्यात ताऱ्यांचं वर्तुळ. हा जवळजवळ कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज आहे, तोच, मनासासच्या धुरात ओळखू न आलेला. इतिहासाच्या हिशोबाने तो फुलीपेक्षाही अधिक सरकारी. तरी फारशी ओरड झाली नाही, आजही तो राजधानी अटलांटात फडकतो. आपली पुष्कळ मराठी मंडळी तिथे राहतात, त्यांतल्या अनेकांना हे ठाऊकही नसेल. १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांना शाळेत येऊ न देणाऱ्या जमावाच्या हातात तो झेंडा नव्हता, दुसरा होता.