चिंगीला घर पाहिजे

(दृश्य: परभणी. फरशीचं अंगण, तुळशीवृंदावन. तोंडात चप्पल धरून पळणारी तांबडी कुत्री.)

ही चिंगी. वय सात-आठ महिने. रंग तांबूस, पंजे पांढरे, उजवा कान उभा, डावा अजून ठरवतोय.

तिच्या तोंडातली चप्पल शेजारच्या आजींची आहे. ती चावायला नेलेली नाही. नीट बघा. चप्पल अंगणाच्या मधोमध ठेवली. दोन पावलं मागं सरकली. आता पुढचे पाय जमिनीला टेकले, मागचा भाग वर आणि नजर थेट आजींकडं. कुठल्याही गावातलं, कुठल्याही जातीचं कुत्रं खेळायला बोलवताना असंच वाकतं. ‘आता जे करीन ते खेळ म्हणून धर,’ एवढंच त्यात सांगायचं असतं.

आजी ओरडतात, “ठेव तिथं, भवाने!” आणि काठी आपटतात. चिंगीच्या लेखी डाव सुरू झाला.

(दृश्य: चिंगी अंगणाला वेढे घालते. काकू दारात उभ्या.)

हे घर चिंगीचं नाही. ती इथं फॉस्टरला आहे. म्हणजे हक्काचं घर मिळेपर्यंत काकू आणि सरांनी तिला आपल्या घरात ठेवून घेतलंय. खाणं, औषधपाणी, झोपायची जागा, शिस्त आणि माया, सगळं इथंच. घर मिळालं की ती जाईल. सर तिच्यावर जीव लावतात आणि हेही विसरत नाहीत. चिंगी गेली की तिच्या जागेवर दुसरं एखादं पिल्लू येऊ शकतं, म्हणून फॉस्टरची जागा रिकामी होणं फार गरजेचं असतं.

(दृश्य: गंगाखेड रस्ता. उसाचं रान, मोकळी पडलेली जागा.)

चिंगी सापडली ती गंगाखेडच्या बाजूला, ऊसतोडीचा हंगाम उलगल्यावर. टोळ्या परत निघाल्या होत्या, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, मोडल्या होत्या. चुलीची राख आणि पाचटाचे ढीग तेवढे राहिले होते. तिथंच हे पिल्लू होतं. आख्खा संसार, भांडीकुंडी, लेकरं, म्हातारी माणसं एका ट्रॅक्टरमध्ये भरून निघालेल्या माणसांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. टोळीतली कुत्री टोळीचीच भाकर खाऊन जगतात. एखादं मागं राहून जातं.

ती आली तेव्हा कानात गोचीड, पोटात जंत, अंगावर खरूज, पाठीचे केस गेलेले. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतून गायी, म्हशी, शेळ्या उपचाराला येतात. त्या रांगेत काकू कापडी पिशवीत पिल्लू घेऊन बसल्या. जंताचं औषध झालं, खरजेवर उपचार झाले. पुढं ठरल्या अंतरानं डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांच्या लसी, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. पार्व्हो फार वाईट. उलट्या आणि रक्ताची हगवण लागते, लस न मिळालेलं पिल्लू दोन-चार दिवसांत हाती लागत नाही. आपल्याकडं कुत्र्यांची पिल्लं जगत नाहीत म्हणतात, त्यातली कितीतरी यानंच जातात.

(दृश्य: जुना फोटो. पोत्यावर मुटकुळं करून बसलेलं पिल्लू.)

त्या दिवसांत चिंगी खेळत नव्हती. चेंडू टाकला तर दचकायची. भांडं पडलं की पलंगाखाली. पोटात भूक आणि मनात भीती असली की जनावर खेळत नाही. खेळायला अंगात ताकद लागते आणि आपल्याला इथं कुणी मारणार नाही याची खात्री लागते. म्हणून कुत्र्याच्या खेळाकडं मी फार गांभीर्यानं बघतो.

आणि एके दिवशी काकू मका सोलत असताना तिनं एक कणीस पळवलं! अंगणभर फिरवलं, हवेत उडवलं, स्वतःच झेललं. काकू सांगतात, हातातलं काम टाकून त्या बघत बसल्या. आमच्या मराठवाड्यात ही कथा प्रत्येक लेकराला ठाऊक आहे: कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. नामदेवांचं नरसी इथून लांब नाही, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून एक कणीस तिच्यासाठी वेगळं काढलं, फक्त खेळायला. दाणे संपले की तोंडातून काढून घ्यायचं, कारण गिळलेला बुरकुंडा आतड्यात अडकतो.

(दृश्य: मोती आणि चिंगी. मोती पडून आहे, चिंगी त्याचा कान ओढते.)

हा मोती. घरचा म्हातारा. चिंगीला खरं शिकवलं ते यानं. पिल्लं चावायचं किती आणि थांबायचं कुठं हे भावंडांशी खेळताना शिकतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ मोडतं. चिंगीला भावंडं मिळाली नाहीत. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून पक्के यायला लागले, हिरड्या शिवशिवायला लागल्या, तेव्हा तिनं सरांच्या धोतरापासून चार्जरच्या वायरीपर्यंत काही सोडलं नाही. मोती तिला कधी गुरकावला नाही. दात जास्त लागला की उठायचा आणि कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून बसायचा. खेळ बंद. काकूंनी तेच उचललं. हात ओढायचा नाही, मारायचं नाही. शांत व्हायचं आणि पाठ फिरवायची.

आता बघा. शेजारची बारकी पोरगी आली की चिंगी आपला वेग निम्म्यावर आणते. दोरी ओढताना मुद्दाम सोडून देते. पोरगी जिंकते.

(दृश्य: काकूंचा फोन वाजतो.)

चिंगीसाठी फोन येतात. पहिला प्रश्न: जात कोणती? उत्तर: गावठी. दुसरा: नर का मादी? मादी. इथं बरेच फोन संपतात.

मराठवाड्याला कुत्र्याचं कौतुक नाही असं मुळीच नाही. लातूरकडं कारवानी कुत्री जीव लावून पाळतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वानांचं प्रदर्शन भरतं, लोक लांबून बघायला येतात. ते कौतुक गावठी मादीपर्यंत पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं. मादीची भीती पिल्लांची. चिंगीची नसबंदी झालेली आहे, तो प्रश्न मिटला. आणि गावठी म्हणाल तर आखूड केसांची ही कुत्री इथल्याच हवेत घडलेली. सावली आणि भरपूर पाणी दिलं की आमचा उन्हाळा काढतात. जाड केसांची परदेशी जात आणून तिला कूलरसमोर धापा टाकायला लावण्यापेक्षा हे किती बरं!

एक फोन आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्तीवरून, आला होता. राखणीला कुत्री पाहिजे. काकूंनी विचारलं, रात्री आखाड्यावर कोण असतं? कुणी नाही. मग दिवसा? साखळीला. काकू नाही म्हणाल्या. माझ्या मते बरोबर केलं. आखाडा वाईट नाही. माणसं राहतात, गुरं आहेत, मोकळं रान आहे, असा आखाडा चिंगीला शहरातल्या फ्लॅटपेक्षा मानवेल. पण सतत साखळीला बांधलेलं कुत्रं चिडकं होतं आणि मग तेच चावतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही आहे: नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा आहे.

(दृश्य: संध्याकाळ. सर चिंगीला फिरवून आणतात.)

चिंगीला रोज दोनदा फिरायला लागतं. भाकरीबरोबर अंडं, डाळ किंवा मांस लागतं, नुसत्या भाकरीवर तिचं भागत नाही. कांदा-लसूण, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडंही नको, त्यांच्या चिरफळ्या होतात. रेबीजची लस दरवर्षी.

नव्या घरात पहिले काही दिवस ती गप्प राहील, कदाचित जेवणार नाही. तिच्यात बिघाड आहे असं समजून परत पाठवू नका. इथं आली तेव्हाही ती अशीच होती. परत पाठवायची वेळच आली, तर थेट काकूंकडं आणून सोडा, रस्त्यावर नाही. त्या दारात उभ्या असतील.

लसीचं कार्ड तयार आहे. काकू तुमचं घर एकदा बघायला येतील, फाटक लागतं का, गच्चीला कठडा आहे का, एवढंच बघतील. आणि चिंगीला भेटायला याल तेव्हा घरातल्या सगळ्यांना बरोबर घ्या. कुणाला कुत्रं नको असेल, तर ते चिंगी गाडीत बसायच्या आधी कळलेलं बरं.