हात वर, हात खाली

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, इथेच नवी मुंबईत नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, आणि आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. सरकार दारूवर जे नियम लावतं त्याबद्दल आमच्या या पोरांना काय वाटतं, ते.

परवा वर्गात विचारलं, पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडायला हवं का? सगळ्यांचे हात वर. थर्टी फर्स्टची नाकाबंदी सगळ्यांनी बघितलेली, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा हेही पाठ. शाळाशाळांत प्रबोधन करायचं का? परत सगळे हात वर. मग विचारलं दारू महाग करायची का, दुकानं कमी करायची का, जाहिराती बंद करायच्या का, तर पटापट हात खाली आणि कुजबुज सुरू, मॅडम पिणारा पितोच हो, महाग केली म्हणून थांबतो का कोणी.

मला खरंच वाईट वाटलं. कारण जागतिक आरोग्य संघटना सांगते ना, कमी खर्चात सगळ्यात जास्त उपयोग होणारे उपाय, ते हेच तीन, कर वाढवा, जाहिराती रोखा, सहज मिळणं कमी करा. नुसत्या भाषणांनी पिणं फारसं कमी होत नाही. आणि ही पोरं मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग करतात, पोट पाण्याने फुगलेला, डोळे पिवळे झालेला माणूस बघतात, दारू सुटल्यावर दुसऱ्या तिसऱ्या रात्री हात थरथरत भिंतीवर किडे दिसतायत म्हणून ओरडणारा पेशंट सांभाळतात, आणि तरी वर्गात आल्यावर दारू म्हणजे त्या एकट्या माणसाची चूक.

अजून एक. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परमिट लागतं ते वेगळंच. हे सांगितलं तर वर्ग चाट पडला, त्यांच्यातले बहुतेक अजून वीसचेही नाहीत! ज्या नियमाबद्दल मत देतोय तो आपल्यालाच लागू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, यात आमचंही चुकलं, आम्ही लिव्हर शिकवतो, कायदा शिकवत नाही.

एका मुलाने मात्र मुद्द्याचं विचारलं. मॅडम, महाग केली की लोक हातभट्टीकडे जाणार, मुंबईतल्या मालवणीत २०१५ ला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली त्याचं काय? बरोबर आहे त्याचं, मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरतात ते विषारी अल्कोहोल, मिसळलेली दारू होती ती, डोळे जातात, जीव जातो. पण म्हणून हातभट्टी आणि मिथेनॉलची चोरी दोन्हीवर लक्ष ठेवायला हवं, दुकानातली दारू स्वस्त ठेवणं हे काय त्याचं औषध नाही. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, मुख्य कारण तिजोरी हे मान्य, पण निदान त्या निमित्ताने तरी हे बोलायला हवं.

तास संपल्यावर दिघ्याची एक मुलगी थांबली. म्हणाली, मॅडम, आमच्या चाळीखालीच दुकान आहे, पप्पा कामावरून आले की तिथूनच वर येतात, ते दुकान स्टेशनपलीकडे असतं ना तर अर्ध्या वेळा त्यांना जायचा कंटाळा आला असता.

तिला म्हटलं, हे पुढच्या तासाला सगळ्यांना सांगशील? अजून हो म्हणालेली नाही.